आइसबॉक्समधली सुरमई आणि पंचेचाळीस सेंटिमीटर

कंपनीच्या आइसबॉक्समध्ये सुरमई ठेवू नये, असं कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही. नंतर मी ते पुस्तक परिशिष्टांसकट चाळलं, कारण तेव्हा मला बचावाची फार गरज होती. ठोकळा चार अंशांवर ठेवावा, असं त्यात आहे. गोळी झाडण्याच्या लगेच आधी ठोकळा तपासून घ्यावा, असंही आहे. मासळीबद्दल अवाक्षर नाही. ज्यांनी ते लिहिलं, ते बाणकोटचे नसणार.

ठोकळा म्हणजे जिलेटिनचा. दुबईच्या अल क्वोजमधल्या एका शेडमध्ये आमची प्रयोगशाळा आहे आणि तिथे मी हे ठोकळे बनवतो. त्याआधी अकरा वर्षं मी शारजाच्या एका कारखान्यात मुलांच्या खाऊची जेली ओतत होतो: लाल, हिरवी, पिवळी. मुलाखतीत मी फुशारकीनं म्हणालो की बुडबुडा न येऊ देता जेली ओतणारा माझ्यासारखा माणूस या देशात नाही. त्यांना नेमका तोच माणूस हवा होता. फरक एवढाच की या जेलीत साखर नसते, आणि ती गार झाली की तिच्यावर पिस्तुलानं गोळ्या झाडतात. जिलेटिन गाईच्या हाडांचं आहे, डुकराचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. माझ्या धाकटीला मात्र अब्बांच्या नोकरीत काही विशेष वाटत नाही. शाळेत कुणी विचारलं की ती सांगते, "ही मेक्स जेली."

त्या ठोकळ्याला माणसाचं मांस समजायचं. समोर जाड जीन्सच्या कापडाचे चार थर टांगायचे, कारण ज्याच्यावर गोळी झाडायची तो उघडा नसतो. स्वसंरक्षणाच्या गोळीच्या नाकाला खड्डा असतो. आत शिरताना ती फुलासारखी उमलावी आणि थांबावी, अशी अपेक्षा. तीस सेंटिमीटरच्या आत थांबली तर हल्लेखोर थांबेलच याची खात्री नाही. पंचेचाळीसच्या पुढे गेली तर ती त्याच्यातून बाहेर पडून मागे उभ्या असलेल्या, भाजी घेऊन घरी निघालेल्या कुणाला लागू शकते. तीस ते पंचेचाळीस, एवढीच आमच्या कामाची रुंदी. पहिली काही वर्षं मला त्या मागच्या माणसाची आठवण रोज यायची. मग येईनाशी झाली. माझ्या सगळ्या चुकांत ही पहिली धरायला हवी, पण ती कुठल्या फॉर्मवर येत नाही.

मासळीचं असं झालं. आमची फायरिंग रेंज शारजाच्याही पलीकडे, वाळवंटात. भाड्याची. सकाळी ती दुसऱ्यांची असते, आम्हाला मिळते संध्याकाळी पाचला. म्हणजे दुपारी अडीचला अल क्वोजहून निघायचं, ठोकळे बर्फाच्या पेटीत घालायचे आणि दुबईहून शारजाकडे जाणाऱ्या त्या अजगरासारख्या रांगेत शिरायचं. माझं घर शारजातच, त्यामुळे रेंजवरून परस्पर घरी जायची मुभा होती. आणि गुरुवार असला की वाटेत मासळी बाजार. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे मासे नसले तर घरात सुतक असल्यासारखी शांतता असते. रेंजवरून परतताना घ्यावेत, तर तोवर उरलेले मासे डोळे पांढरे करून पडलेले. त्यात त्या वेळी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्यांचा माशाचा अभ्यास असा की कल्ले न उघडता, नुसतं बोट दाबून, मासा कधी मेला ते सांगतात. आणि मग दिरहमचे रुपये करून, तो इतक्यात मरायला नको होता, असंही सांगतात.

तर त्या गुरुवारी मी चार किलोची सुरमई घेतली. गाडीत माझी स्वतःची एक लहान पेटी होती, पण तिच्यात बर्फ नव्हता. कंपनीच्या पेटीत बर्फाच्या आठ लाद्या होत्या. मी पाच काढून सुरमईखाली-वर घातल्या, तरी ती मावेना, म्हणून शेपटीकडचा तुकडा कापून घेऊन ठोकळ्यांशेजारी निजवला. मनात म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. पुढे तो पावणेदोन तासांचा झाला. हायवेवर कुणाची तरी गाडी कुणाच्या तरी गाडीवर चढली होती.

जाममध्ये बसल्या बसल्या मी फॉर्म भरून टाकला. नियम असा, की रेंजवर पोचल्यावर प्रत्येक ठोकळ्यात एअरगननं एक बारीक पोलादी छर्रा मारायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं. साडेसात ते साडेनऊ सेंटिमीटरमध्ये थांबला तर ठोकळा बरोबर. जास्त गेला तर ठोकळा मऊ पडलाय, त्यावर चाचणी करायची नाही. हे काम कंटाळवाणं. मी ते दुपारी अल क्वोजच्या थंड खोलीतच उरकत असे, आणि तोच आकडा रेंजच्या रकान्यात लिहीत असे. त्या दिवशीही लिहिला: आठ पूर्णांक पाच. तापमान: चार. स्टिअरिंगवर कागद ठेवून, छान अक्षरात.

रेंजवर एक गृहस्थ माझी वाट पाहत होते. ज्यांच्या काडतुसांची चाचणी होती त्या पुरवठादार कंपनीचे ते विक्रीप्रतिनिधी. चाचणीला साक्षीदार म्हणून हजर राहून फॉर्मवर सही करायची, एवढंच त्यांचं काम. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. मी बिस्मिल्ला म्हणून पेटी उचलली, त्या उच्चारावरून त्यांनी मला ओळखलं. श्रीवर्धनकडचे निघाले. म्हणजे मी बाणकोट खाडीच्या या काठचा आणि ते त्या काठचे. आमच्यामध्ये फक्त एक फेरीबोट. पाच मिनिटांत ते मला भाऊ म्हणायला लागले आणि मी त्यांना भाई.

त्यांनी सगळं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. एका मोठ्या खरेदीदाराला आपल्या रक्षकांच्या पिस्तुलांसाठी काडतुसं घ्यायची होती. या एका ऑर्डरच्या आशेवर त्यांच्या मालकानं इथलं ऑफिस अजून उघडं ठेवलं होतं. चाचणीत पास झाले तर ऑफिस राहणार, व्हिसा राहणार. नापास झाले तर ऑफिस बंद, आणि त्यांनी कुटुंब घेऊन परत जायचं. मुलगी शारजातच वाढलेली, बारावीला. वर्षाच्या मध्यावर तिला उचलून श्रीवर्धनला नेली तर तिचं वर्ष जाणार, आणि ती तिथे कुणाशी कुठल्या भाषेत बोलणार हाही प्रश्नच. "ती माझ्याशी भांडते तीसुद्धा इंग्लिशमध्ये," ते म्हणाले. "मला अर्धं कळत नाही, म्हणून भांडण लवकर संपतं."

आम्ही हसलो. मग मी पेटी उघडली.

ठोकळ्यांच्या वरच्या बाजूला घाम आला होता. थर्मामीटर खुपसायची गरज नव्हती, पण खुपसला. अकरा. मी तो काढून खिशात टाकला. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की आज चाचणी होत नाही. पण मग का होत नाही ते सांगावं लागलं असतं, आणि कारण गाडीत पडलं होतं; शेपटीचा तुकडाही मी उतरण्याआधीच लहान पेटीत हलवला होता. नेमबाज एक निवृत्त नेपाळी सैनिक. तो कानावर संरक्षक चढवून उभा होता. रेंजचा वेळ सुरू झाला होता. मी अंगठा वर केला.

पाच गोळ्या. पहिली त्रेचाळीसवर थांबली. दुसरी पंचेचाळीसला टेकली. मग शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. ठोकळा जसजसा मऊ होत गेला तसतशी प्रत्येक गोळी थोडी पुढे. आकड्यांनी एवढा सरळ कबुलीजबाब दिला होता की मला दुसरं काही वाटायला जागाच नव्हती.

भाईंनी गोळ्या हातात घेऊन पाहिल्या. पाचही सुरेख उमलल्या होत्या. त्यांनी बराच वेळ त्या तळहातावर फिरवल्या आणि मला विचारलं, "भाऊ, गोळी एवढी उघडली तर ती थांबायला नको? उघडलेली छत्री घेऊन कुणी पळतं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. वीस वर्षं मुरलेला इंजिनिअरही याहून नेमकं विचारू शकला नसता. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "आता काय सांगणार भाई. आकडा आहे तो आहे."

त्यांनी फॉर्म न वाचताच सही केली. मी लिहिलेलं आठ पूर्णांक पाच त्यांच्या सहीच्या वर दोन बोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सुरमई ताटात आली. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि आमच्या लग्नानंतर प्रथमच माझी तारीफ केली. म्हणाल्या, जावयानं या वेळी मासा बर्फात नीट ठेवलेला दिसतोय, मांस कसं घट्ट आहे. बायको माझ्याकडे बघून हसली. मी पाणी प्यायलो. धाकटीनं विचारलं, "अब्बा, व्हाय आर यू नॉट ईटिंग?" काटा लागला म्हणालो. सुरमईला असा काटा नसतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

शनिवार-रविवार मी हिशेब मांडले, आणि ते सगळे माझ्या बाजूनं लागत होते. नापास करणं म्हणजे सुरक्षित बाजूची चूक, असा एक. भाईंचा मालक असाही ऑफिस बंद करणारच असेल, असा दुसरा. पेटीचं झाकण सैल होतं म्हणून सांगावं, हा तिसरा आणि सगळ्यात चांगला. मी रविवारी गाडीकडे जाऊन झाकणाचं रबर थोडं उचकटूनही आलो. इतक्या वर्षांत कंपनीची कुठली वस्तू मी मुद्दाम मोडली नव्हती. ते रबर काही केल्या निघेना, फार चांगल्या कंपनीचं होतं. शेवटी चावीनं ओढलं आणि माझंच बोट कापलं. बायकोनं पट्टी लावताना विचारलं काय झालं. आणि का कुणास ठाऊक, तिला मी सगळं सांगून टाकलं. भाईंच्या मुलीसकट.

ती बराच वेळ पट्टीच गुळगुळीत करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या पोरीची बारावी आपण खाल्ली."

सोमवारी सकाळी मी आमच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम जॉर्डनच्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे माणूस अधिकच घाबरतो. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. जाम, लाद्या, अकरा अंश, आधीच भरलेला फॉर्म. सुरमईला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून मी हातानं लांबी दाखवली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किती वेळा?"

"एकदाच," मी म्हणालो.

माणूस खरं बोलायला म्हणून जातो आणि वाटेत परत खोटं बोलतो, हे मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. दारापर्यंत गेलो, हँडल धरलं, आणि तिथूनच वळून म्हणालो, मॅडम, एकदा नाही. गुरुवारी नेहमी. पण दर गुरुवारी चाचणी नसते, आणि दर गुरुवारी मासे पेटीत घातले नव्हते, आणि कुठल्या गुरुवारी घातले ते मला आठवत नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मऊ ठोकळ्यात गोळी जास्त खोल जाते. चांगली गोळी त्यामुळे नापास होते, हे भाईंचं झालं. पण जी गोळी खरी पंचवीसलाच थांबणारी आहे, ती मऊ ठोकळ्यात तीसची रेघ ओलांडून पास होऊ शकते. तशी पास झालेली काडतुसं आज कुणाच्या तरी कमरेला असतील, आणि तो त्यांच्या भरवशावर एखाद्या दारात उभा असेल. हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. मला माहीतच होतं. त्या फक्त म्हणाल्या की तारखा हव्यात, संध्याकाळपर्यंत.

तारखा बायकोनं दिल्या. तिचा बहिणींचा एक ग्रुप आहे, बाणकोट ते बहारीन पसरलेला. शुक्रवारी काय शिजलं त्याचा फोटो प्रत्येकीनं टाकायचा, असा तिथला शिरस्ता. ती मागे मागे सरकवत गेली आणि मी शेजारी रेंजची वही घेऊन बसलो. पापलेटाचं कालवण, त्याच्या आदल्या दिवशी चाचणी नव्हती. तळलेली सुरमई, चाचणी होती. मोरी माशाचं सुकं, चाचणी होती. एका फोटोखाली तिच्या थोरल्या बहिणीनं लिहिलं होतं, तुझा नवरा मासा बरा निवडतो हो. त्या दिवशीही चाचणी होती. पेटीत काय घातलं होतं आणि काय नव्हतं, ते जमेल तसं आठवून आम्ही चार तारखा काढल्या. त्यांतल्या दोन चाचण्यांत माल पास झाला होता. मॅडमनी त्या दोन्ही ग्राहकांना पत्रं पाठवली, अहवाल मागे घेतल्याची. एकाचं उत्तर आलं की त्यांनी काडतुसांच्या पेट्या बाजूला काढून ठेवल्यात. दुसऱ्याचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही. मी कुठल्याही मॉलच्या दारात पट्ट्याला पिस्तूल लावलेला माणूस दिसला की थांबतो, आणि मग तो माझ्याकडे संशयानं बघायला लागतो.

मला लेखी ताकीद मिळाली. फॉर्म भरायचा अधिकार काढून घेतला. आता मी फक्त ठोकळे ओततो. नोकरी का राहिली, तर बुडबुडा न येऊ देता ओतणारा दुसरा त्यांना मिळाला नाही, असं मी घरी सांगतो.

भाईंची चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा ठरली. तोवर त्यांनी मालकाला पहिला निकाल कळवून टाकला होता आणि मालकानं ऑफिसची जागा सोडण्याची नोटीस दिली होती. पुन्हा चाचणी म्हटल्यावर ती थांबवली. ते रेंजवर आले ते फाइल छातीशी धरून. आमच्या पत्रात नुसतं एवढं होतं की नमुना योग्य तापमानाला नव्हता. त्यांनी मला बाजूला घेऊन खरं काय ते विचारलं. मी सांगितलं. वाटलं, चिडतील, निदान शिवी तरी देतील.

"कुठला मासा?" ते म्हणाले.

"सुरमई."

त्यांनी मान हलवली, जणू हलवा किंवा बांगडा असता तर गोष्ट वेगळी असती. मग म्हणाले, "पोरीला मी सांगून बसलो होतो. तिनं मैत्रिणींना पुस्तकं वाटायला घेतली होती. आता परत मागून आणली."

या वेळी मॅडम स्वतः आल्या होत्या. ठोकळे वेगळ्या गाडीतून, सोळा लाद्यांच्या बर्फात. तिथेच, सगळ्यांसमोर, छर्रा मारला: आठ पूर्णांक तीन. तापमान चार. मी हात मागे बांधून उभा होतो, आणि आयुष्यात कुठल्या परीक्षेच्या निकालासाठी केली नसेल एवढी दुआ करत होतो.

पहिली गोळी अडतीसवर थांबली. दुसरी सदतीस. भाईंनी माझ्याकडे पाहिलं. तिसरी एकोणचाळीस. चौथी परत अडतीस. ते आता उघड हसत होते, आणि मीही. पाचवी गोळी झाडली, आणि नेमबाजानं कान उघडे करून मान वाकडी केली. ती मागे लावलेल्या दुसऱ्या ठोकळ्यात खोलवर गेली होती. बावन्न.

कापून काढली तेव्हा कळलं. जीन्सच्या कापडाची एक गोल चकती तिच्या नाकातल्या खड्ड्यात गच्च बसली होती आणि ती उमललीच नव्हती. खड्डा बुजलेली गोळी म्हणजे साधी टोकदार गोळी. ती मागच्या माणसापर्यंत जाते. पाचांतली प्रत्येक गोळी मर्यादेत हवी, अशी खरेदीदाराची अट होती. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला.

भाई माझ्याजवळ आले. आवाज अगदी हळू होता.

"भाऊ, ठोकळा बरोबर होता ना?"

"बरोबर होता, भाई."

"मागच्या वेळीही तुम्ही तसंच लिहिलं होतं."

मी थर्मामीटर घेऊन ठोकळ्यात खुपसला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. शर्टाची बाही मागे सारून त्यांनी आपला हात ठोकळ्यावर ठेवला, ताप बघतात तसा, पूर्ण तळवा. बराच वेळ ठेवला. नेमबाज रिकामी काडतुसं वेचायचा थांबला. गार जिलेटिनवर माणसाचा हात एवढा वेळ ठेवला की दुखायला लागतो. मला सवयीनं माहीत आहे.

"थंड आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी हात रुमालानं पुसला आणि फॉर्म मागितला. या वेळी तो त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचला. छर्ऱ्याच्या आकड्यावर बोट ठेवून मॅडमकडून तो परत वदवून घेतला, मोजपट्टी ठोकळ्याला लावून स्वतः पाहिला, पाचवी गोळी पुन्हा एकदा उजेडात धरली. त्यांचं पेन चालेना, म्हणून मी माझं दिलं. साक्षीदाराच्या जागी त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर करत असतील तशी. माझ्या सहीला त्या कागदावर आता जागा नव्हती. पेन त्यांनी नकळत आपल्या खिशाला लावलं आणि गाडीकडे चालू लागले, आणि मी ते परत मागितलं नाही.